शहराच्या पोटात की वेशीवर? स्वस्त घर शोधताना

भाडं झेपेनासं झालं की माणूस नकाशा उघडून बसतो. बहुतेक शहरांत परवडणारी घरं दोन ठिकाणी सापडतात. एक, शहराच्या पोटात तशीच राहून गेलेली जुनी वस्ती: अरुंद गल्ल्या, तीन-चार मजली इमारती, लिफ्ट नाही, खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं. दुसरी, वेशीवर उठलेली नवी वसाहत: रुंद रस्ते, उंच इमारती, लिफ्ट, पार्किंग आणि रात्री नऊलाच शुकशुकाट. यापुढे एकीला ‘जुनी’ आणि दुसरीला ‘नवी’ म्हणतो. दोन्हीकडे मी काही वर्षं काढली आहेत आणि माझा कल जुनीकडे आहे. तेवढं लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

तुलना खोल्या मोजण्यापासून सुरू करू नका. आधी एवढंच विचारा: हे घर स्वस्त का आहे? घरमालक काही दानधर्म करायला बसलेला नाही. कुठल्या तरी कारणाने लोक तिथे जास्त पैसे मोजायला तयार नाहीत आणि तुम्ही राहायला गेलात की ते कारण तुमच्याच घरात मुक्काम ठोकणार आहे.

नवी स्वस्त असते ती मुख्यतः अंतरामुळे. विल्यम अलोन्सो या अभ्यासकाने १९६४ मध्ये हे व्यवस्थित मांडून दाखवलं: शहराच्या मध्यापासून जसजसं लांब जावं तसतसा जमिनीचा भाव उतरतो, कारण तिथे राहणाऱ्याला उरलेली रक्कम प्रवासात घालावी लागते. म्हणजे भाड्यात वाचवलेले पैसे कुठे जात नाहीत, फक्त पावती वेगळ्या खिडकीवर फाटते.

जुनीचं तसं नाही. तिथल्या स्वस्ताईची कारणं पाच-सहा असू शकतात आणि ती एका मापाची नसतात. इमारत म्हातारी झाली आहे. खाली बाजार आहे, गोंगाट आहे. जमीन सखल आहे, पाऊस झाला की पाणी साचतं. मालकीचा वाद आहे, म्हणून कोणी डागडुजीवर पैसे घालत नाही. किंवा वस्तीचं नाव खराब आहे. यातलं शेवटचं कारण भाडेकरूसाठी सगळ्यात फायद्याचं. पंचवीस वर्षांपूर्वी कधीतरी तिथे गुंडगिरी होती, ती संपली, नाव मात्र चिकटून राहिलं आणि भाडं अजून त्या नावाचं लागतं. नातेवाईक ‘तिथे?’ असं विचारतात, तेव्हा त्यांना उत्तर द्यायचं की भाड्याची पावती दाखवायची, एवढाच त्रास. सखल जमीन मात्र कितीही सूट मिळाली तरी घेऊ नये. बदनामी पुसता येते, उतार बदलता येत नाही.

भाडं आणि प्रवास एकाच वहीत

उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घरावर घालू नयेत, हा ठोकताळा तुम्ही ऐकला असेल. तो आला अमेरिकेतून. तिथे सरकारी घरांतल्या भाडेकरूंसाठी १९६९ मध्ये २५ टक्क्यांची मर्यादा कायद्याने घातली गेली, १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली आणि तोच आकडा लोकांच्या घरगुती हिशेबात येऊन बसला. आकडा वाईट नाही, पण अर्धवट आहे. शिकागोतल्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने यात प्रवास धरला आणि घर व प्रवास मिळून ४५ टक्क्यांची रेघ ओढली. स्वस्त घर शोधणाऱ्याने खरं तर हीच रेघ वापरावी.

करून बघू. तुमचं उत्पन्न १०० धरा. जुनीत भाडं २८, कामावर जाणं बसने किंवा पायी, त्याला ४. एकूण ३२. नवीत भाडं २०, पण रोजचा लांबचा प्रवास ७. शिवाय सगळं लांब म्हणून घरात एक गाडी जास्त घ्यावी लागते, तिचा हप्ता, इंधन, विमा धरून आणखी ६. एकूण ३३. दलालाने सांगितलेला ८ चा फरक वाटेतच विरघळला. तुमचे आकडे अर्थातच वेगळे येतील, कदाचित नवीच्या बाजूनेही येतील. पण गाडीचा खर्च या हिशेबात धरला नसेल तर हिशेब केलाच नाही असं समजा. नवीत राहायला गेलेल्या कुटुंबांत दुसरी गाडी हळूच येते, दीड-दोन वर्षांनी, आणि तेव्हा तिचा घराशी संबंध कोणी जोडत नाही.

पैशापेक्षा वेळेचा हिशेब जास्त बोचरा आहे. नवीतून जाताना ४० मिनिटं जास्त, येताना ४० जास्त, वर्षातले कामाचे दिवस २२५. हे झाले ३०० तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेसदतीस दिवस तुम्ही वर्षाला रस्त्यावर काम करता, बिनपगारी.

चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एक जुनं निरीक्षण पुन्हा पुढे आणलं: माणूस रोज साधारण तासभर प्रवासात घालवतो. पायी असो, घोड्यावर असो की मोटारीत, वेग वाढला की तो लांब राहायला जातो, तास तेवढाच ठेवतो. हा तास म्हणजे जाऊन-येऊनचा. त्याच्या दुप्पट प्रवास करणारे लाखो लोक आहेत, पण त्यांना विचारून बघा. ब्रूनो फ्राय आणि आलोइस श्टुट्सर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची माहिती तपासली. लांबचा प्रवास करणाऱ्याला त्या बदल्यात चांगलं घर किंवा चांगला पगार मिळून समाधानाचं पारडं समतोल व्हायला हवं, असं अर्थशास्त्र म्हणतं. तसं झालेलं दिसलं नाही. प्रवास जितका लांब, तितकं माणसाचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी. जादा खोलीची सवय महिन्याभरात होते. खोळंबलेल्या रस्त्याची होत नाही, कारण तो रोज वेगळ्या जागी खोळंबतो.

अंतराची दुसरी बाजू लोक विसरतात: किती किलोमीटर यापेक्षा किती वेळाने बस किंवा गाडी. दर आठ मिनिटांनी बस असेल तर माणूस वेळापत्रक बघत नाही, उठतो आणि जातो. दर तीस मिनिटांनी असेल तर सरासरी पंधरा मिनिटं थांब्यावर जातात, आणि बस अनियमित असेल तर त्याहूनही जास्त. वाटेत एकदा बदलायची असेल तर हे थांबणं दोनदा. नवीच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ लिहिलेलं असतं, पण ती दहा मिनिटं कोणत्या वाहनाने आणि रात्री किती वाजेपर्यंत, हे नसतं. शेवटची बस किती वाजता सुटते हे आधी विचारा. ती वेळ म्हणजे तुमच्या घरातल्या वाहन नसलेल्या प्रत्येकाची संचारबंदीची वेळ.

घर म्हणून घर

इथे नवी सरळ जिंकते आणि ते मान्य करायला हवं. हवा, उजेड, चालू लिफ्ट, सरळ भिंती, नवं वायरिंग. जुनीत वायरिंग जुनं असतं, नळाला पाण्याचा जोर कमी असतो, वरच्या मजल्यावर गच्चीचं ऊन थेट डोक्यावर येतं आणि खालच्या मजल्यावर ओल असते. बघायला गेलात आणि एकाच भिंतीला नवा रंग दिसला तर त्या भिंतीला हात लावा. बाकीच्या भिंतींहून ती गार लागली की रंगाखाली काय आहे ते कळलं.

नवीचे दोष नवे असल्यामुळे दिसत नाहीत, एवढंच. पातळ भिंतींतून शेजाऱ्याचा गजर ऐकू येतो. देखभालीचा खर्च पहिल्या वर्षी नाममात्र असतो, लिफ्ट आणि पंप म्हातारे झाले की चढतो. अर्धी इमारत रिकामी असेल तर राहणाऱ्या अर्ध्यांवर सगळा भार पडतो.

गोंगाटाबद्दल. मी एकदा सुट्टीच्या दिवशी दुपारी एक घर बघितलं आणि शांतता बघून लगेच हो म्हणालो. पहिल्याच रात्री कळलं की समोरच्या रस्त्याने अवजड ट्रक जातात, आणि त्यांना शहरात शिरायला रात्रीच परवानगी असते. हे घर जुनीत नव्हतं, नवीत होतं. रस्ते रुंद असले की त्यावर ट्रक येतात, अरुंद गल्लीत ते शिरूच शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रात्रीच्या रस्त्यावरच्या आवाजासाठी सरासरी ४५ डेसिबलपेक्षा कमीची शिफारस केली. फोनवरचं आवाज मोजायचं ॲप अचूक नसतं, पण दोन घरांची तुलना करायला पुरेसं आहे. रात्री अकराला दोन्ही ठिकाणी खिडकी उघडून मोजा.

संध्याकाळी सात वाजता

ही कसोटी माझी स्वतःची आहे. संध्याकाळी सात वाजता अचानक सर्दीचं औषध, एक वही आणि तुटलेल्या चपलेला टाका, अशा तीन गोष्टी लागल्या तर काय कराल? जुनीत खाली उतरता आणि वीस मिनिटांत वर येता. नवीत गाडी काढता, किंवा घरपोच मागवता, किंवा चपलेचं उद्यावर ढकलता. छोटी दुकानं, दुरुस्तीवाले, दवाखाना हे सगळं वस्ती दाट झाल्यावर येतं, आधी येत नाही. त्यांना गिऱ्हाईक लागतं.

शेजाराचंही तसंच. जुनीत लोक चौकशा करतात, कोण आलं, कोण गेलं, किती वाजता. एकट्या राहणाऱ्या तरुण माणसाला, विशेषतः मुलीला, याचा जाच होऊ शकतो. हे लहान प्रकरण नाही आणि ‘होईल सवय’ म्हणून झटकू नये. पण त्याच चौकशीखोर खिडक्यांमुळे रात्री उशिरा गल्लीतून चालताना धाकधूक होत नाही. नवीत कोणी काही विचारत नाही, आणि आजारी पडलात तरी विचारत नाही.

पाच वर्षांनी

जुनीचा खरा धोका हा आहे की ती चांगली होईल. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनच्या कामगार वस्त्यांत मध्यमवर्ग घुसताना पाहिला आणि १९६४ मध्ये त्याला ‘जेंट्रिफिकेशन’ हे नाव दिलं. क्रम साधारण ठरलेला असतो. आधी स्वस्ताईच्या शोधात विद्यार्थी, कलाकार, नवे नोकरदार येतात. वस्तीचं नाव सुधारतं. मग पैसेवाले येतात. भाडं चढतं आणि आधीच्यांना उठावं लागतं. तुम्ही या रांगेत कुठे उभे आहात ते बघा. आणि तुम्ही जास्त भाडं कबूल करून आत शिरलात की शेजारच्या जुन्या भाडेकरूच्या भाड्यालाही हात लागतो, हेही खरं आहे. जुनीत जात असाल तर करारात भाडेवाढीचा दर लिहून घ्या आणि मुदत मिळेल तितकी लांब घ्या.

नवीचा धोका उलटा: ती चांगली होणारच नाही. तिथे घर विकतात ते येऊ घातलेल्या रेल्वेवर, येऊ घातलेल्या पुलावर. बेंट फ्लिव्बियर्ग आणि सहकाऱ्यांनी जगभरातले २५८ मोठे वाहतूक प्रकल्प तपासून २००२ मध्ये दाखवलं की १० पैकी ९ ठिकाणी खर्च अंदाजाबाहेर गेला. रेल्वेत तर सरासरी ४५ टक्क्यांच्या आसपास. पैसे कमी पडले की काम रखडतं, हे सांगायला अभ्यास नको. खांब उभे दिसले तरी रेल्वे आली असं धरू नका. आज जी बस आहे, तिच्यावर जगता येईल का, एवढंच पाहा.

म्हणून माझा सल्ला असा: जुनीत भाड्याने राहा. नवीत जायचं असेल तरीही आधी वर्षभर भाड्यानेच राहा, विकत घेऊ नका. भाड्याचं घर चुकलं तर अनामत रक्कम आणि सामान हलवायचा खर्च, इतक्यावर सुटका होते. विकत घेतलेलं चुकलं तर वीस वर्षांचा हप्ता.

काहींसाठी मात्र नवीच बरोबर. तुमचं कामच वेशीवरच्या कारखान्यात किंवा कार्यालयात असेल तर वरचा प्रवासाचा सगळा हिशेब उलटा वाचा. आठवड्यातून दोनच दिवस कामावर जात असाल तर ३०० तासांचे साधारण १२० होतात, आणि जादा खोली रोज वापरात येते. घरात गुडघ्याचं दुखणं असलेले आईवडील असतील तर लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याचा विचारही करू नका. ते घराबाहेर पडणं सोडून देतात, आणि तेही न सांगता. दोघं कमावणारे असून दोन दिशांना जाणारे असतील तर परत जुनीच, कारण मध्यातून सगळीकडे जाता येतं, कडेवरून एकाच दिशेला.

दोन्ही घरं दोनदा बघा: एकदा कामाच्या दिवशी सकाळी, तिथून खरोखर कामावर जाऊन, आणि एकदा मोठा पाऊस पडून गेल्यावर. पाणी ओसरलं तरी भिंतीवर त्याची रेघ राहते. आणि घर सोडून चाललेला भाडेकरू भेटला तर त्याला घराबद्दल फार काही विचारू नका, तो मालकादेखत बोलणार नाही. कुठे चाललात, एवढं विचारा. ‘इथेच, दोन गल्ल्या पलीकडे, मोठी जागा मिळाली’ असं म्हणाला तर अनामत भरायला हरकत नाही.