घरासाठी जुना लॅपटॉप: थिंकपॅड टी४८० घ्यावा का, आणि घेताना कुठे हात घालून बघावं

घरात लॅपटॉप लागतो तो फॉर्म भरायला, मुलांच्या प्रोजेक्टला, बँकेच्या कामाला, एखाद्या एक्सेलच्या हिशेबाला, व्हिडिओ कॉलला आणि रात्री यूट्यूबला. एवढ्यासाठी पंचवीसेक हजारांच्या आत काय घ्यावं, याला आमचं उत्तर बरंचसं ठरलेलं आहे: कंपन्यांच्या लीजवरून परत आलेला लेनोवो थिंकपॅड टी४८०. त्याच भावात नवा, सीलबंद लॅपटॉपही मिळतो. पण त्यात बहुतेकदा दोन कोरचा सेलेरॉन असतो, रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली, आणि वर्षभरात क्रोमच्या पाच टॅब उघडल्या की माणूस कपाळाला हात लावतो. टी४८० २०१८ चा आहे, जाड आहे, दिसायला सरकारी फाइलीसारखा आहे. तरी घरकामात तो या नव्या स्वस्त यंत्रांच्या बराच पुढे राहतो.

२०१८ हे साल इथे महत्त्वाचं आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढेच चालतं. टी४८० बरोबर त्या उंबरठ्याच्या आतला. त्याच्या आधीचा टी४७० दिसायला जवळजवळ तोच, दोन-तीन हजारांनी स्वस्त, आणि दुकानदार ‘यातही अकरा टाकून देतो’ म्हणतो. टाकता येतं हे खरं, पण ते नियम चुकवून टाकलेलं असतं आणि पुढचं मोठं अपडेट सरळ येईल याची हमी नसते. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम चालवणार असाल तर टी४७० खुशाल घ्या. नाहीतर तो वाचलेला पैसा खरा वाचलेला नाही.

इथेच एक मेख आहे. खुद्द टी४८० सुद्धा काही ठिकाणी सातव्या पिढीच्या प्रोसेसरसह विकला गेला होता. झाकणावर टी४८० लिहिलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नये. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा आणि प्रोसेसरचा आकडा वाचा: आय-फाइव्ह ८२५०यू किंवा ८३५०यू हवा. ७२००यू किंवा ७३००यू दिसला तर तो टी४७० च्या भावाचाच माल आहे. आय-सेव्हनसाठी तीन-चार हजार जास्त मोजू नयेत. दोन्हींत चार कोर आणि आठ थ्रेडच आहेत, घरात फरक जाणवत नाही, उलट पंखा जास्त फिरतो.

रॅम मात्र आधीच १६ जीबी बसवलेली मिळाली तर बघा. टी४८० मध्ये डीडीआर४ चे दोन स्लॉट आहेत, त्यामुळे वाढवणं सोपं आहे. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आणि ‘नंतर स्वस्तात टाकू’ हा हिशेब कोलमडला. ८ जीबीवर घरकाम भागतं. एकच १६ ची पट्टी आणि ८-८ च्या दोन, यांत दोन पट्ट्या बऱ्या, कारण बहुतेक नगांत ग्राफिक्स स्वतंत्र नसून याच रॅमवर चालतं. ४ जीबीचा असेल तर रॅमचा खर्च धरूनच घासाघीस करावी. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, २५६ जीबीची पुरते. ती एनव्हीएमई आहे की साटा (जोडणीचे दोन प्रकार, पहिला वेगवान) याचा दुकानदार मोठा बाऊ करतात, पण घरच्या कामात कळणारही नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर न्या आणि तिची तब्येत नव्वद टक्क्यांच्या वर आहे ना, एवढं बघा.

आता मुख्य दुखणं. टी४८० ला जुन्या चौकोनी पिनेचं चार्जिंग नाही; तो फक्त टाइप-सी मधून चार्ज होतो. डाव्या बाजूला दोन टाइप-सी आहेत, दोन्हींतून चार्जिंग होतं, आणि दोन्ही थेट मदरबोर्डवर बसवलेले आहेत. ऑफिसात सात वर्षं रोज वायर घालून काढून ते सैल होतात. वायर लावून हलकेच वर-खाली हलवा: चार्जिंगची खूण लागते-जाते असं झालं तर तो नग सोडून द्या, कारण दुरुस्ती म्हणजे मदरबोर्डावरचं सोल्डरिंग. हे दोन्ही पोर्टवर वेगवेगळं करून पाहायचं. एक पोर्ट मेला असेल आणि दुकानदार ‘दुसरा आहे ना’ म्हणाला, तर त्याला कारण माहीत असण्याची शक्यता दाट आहे.

कारण असं, की दोनपैकी एक पोर्ट थंडरबोल्टचा, म्हणजे जास्त वेगवान टाइप-सी, आहे आणि सुरुवातीच्या मालात त्याच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, दोष होता. वापरता वापरता तो कंट्रोलरची चिप बिघडवतो. लक्षणं विचित्र असतात: टाइप-सी वरून चार्जिंग बंद, एचडीएमआयवर टीव्ही दिसत नाही, सुरू होताना थंडरबोल्टची चूक दाखवून मशीन अडकतं. लेनोवोने सुधारित फर्मवेअर दिलं आहे, पण ते वेळेत टाकलं तरच उपयोग. बिघडल्यावर प्रोग्रामर लावून चिप पुन्हा लिहावी लागते आणि ते गल्लीतल्या प्रत्येकाला जमत नाही. म्हणून दुकानात एचडीएमआयची वायर लावून टीव्ही किंवा मॉनिटरवर चित्र येतंय का, हे बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

चार्जरही तपासा. निदान ४५ वॅटचा, शक्यतो ६५ वॅटचा, २० व्होल्ट पीडी (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सी चार्जिंगची पद्धत) देणारा हवा. फोनचा चार्जर टाइप-सी असला आणि त्यावर मोठा वॅटचा आकडा छापलेला असला, तरी तो २० व्होल्ट देत नसेल तर लॅपटॉप त्याला दाद देत नाही. दुकानदार हमखास डुप्लिकेट देतात. त्यावर बीआयएसची खूण नसेल तर पैसे वजा करायला सांगून चांगला चार्जर वेगळा घेतलेला परवडतो. वाचवायला गेलात तर पहिला मार त्या पोर्टलाच बसतो.

बॅटरीच्या बाबतीत टी४८० वेगळा आहे. त्याच्या दोन बॅटऱ्या आहेत: एक पुढच्या बाजूला पोटात, २४ वॅटतासांची, आणि दुसरी मागून काढता येणारी, २४, ४८ किंवा ७२ वॅटतासांची. मशीन चालू असताना मागची काढून दुसरी लावता येते, कारण आतली सांभाळून घेते. टी४९० पासून ही सोय गेली. मागची बॅटरी खाली फुगीर आणि मशीन तिरकं उभं दिसलं तर ती ४८ किंवा ७२ ची. ती चांगल्या स्थितीत मिळाली तर नशीब समजा.

किती जीव उरलाय हे विंडोजच सांगतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पॉवरसीएफजी, एक जागा, स्लॅश आणि जोडून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडली की दोन्ही बॅटऱ्यांची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी दिसते. २४,००० मिलिवॅटतासांच्या आसपासचा मूळ आकडा १४,००० च्या खाली आला असेल तर ती बॅटरी बदलण्याच्या वाटेवर आहे, आणि तसं सांगून भाव पाडता येतो. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आणि सायकल शून्य दिसली तर खूश होऊ नका. जुन्या लॉटमध्ये असं दिसणं म्हणजे एकतर डुप्लिकेट बॅटरी, नाहीतर आकडे पुसलेली. चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवा आणि टक्के किती उतरतात ते बघा. आकड्यांपेक्षा हे खरं. हलक्या कामाला मशीन तासाला सहा-आठ वॅटतास खातं, म्हणजे दोन्ही चोवीसच्या बॅटऱ्या मिळून नव्या असताना सहाएक तास, आणि साठ टक्के उरलेल्या असतील तर साडेतीन. टचपॅड वर उचललेलं किंवा तळ फुगलेला दिसला तर आतली बॅटरी फुगली आहे. अशा नगाला हातही लावू नये.

स्क्रीनवर बरेच लोक फसतात. टी४८० चे स्वस्त नग १३६६ बाय ७६८ च्या टीएन पॅनेलचे असतात. बाजूने किंवा खालून बघितलं की रंग उलटे होतात आणि मराठी मजकुराचे उकार-मात्रा एकमेकांत मिसळतात. १९२० बाय १०८० चं आयपीएस पॅनेलच घ्यायचं, यावर तडजोड नको. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्जमध्ये आकडा दिसतो. तेही पॅनेल फार उजळ नाही. गॅलरीत दुपारी बसून काम करणाऱ्याला ते मंदच वाटेल. एकसारखा पांढरा, मग काळा फोटो पूर्ण स्क्रीनवर लावून डाग आणि पिवळट कडा शोधा. जोडीचा पर्याय म्हणून एचपी एलिटबुक ८४० जी५ पुढे केला जातो, आणि तो चांगला आहेच, पण त्याच्या काही नगांना शुअर व्ह्यू नावाचं गुप्ततेचं पॅनेल असतं. शेजारी बसलेल्याला काही दिसू नये हीच त्याची करामत. घरी दोघांनी मिळून काही बघायचं तर तो शाप.

कीबोर्ड ही टी४८० ची खरी शान. नोटपॅड उघडून एकूण एक बटण दाबून बघा. एखादं मेलं असलं तरी घाबरायचं कारण नाही: खालून दोन स्क्रू काढून कीबोर्ड सरकवून बाहेर येतो आणि नवा बसतो. डाव्या कोपऱ्यात कंट्रोलऐवजी एफएन आहे, त्याने घरातले सगळे वैतागतात. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, दोन्हींची अदलाबदल करता येते. कॅमेरा काळा दिसत असेल तर आधी त्याच्यावरची बारीकशी सरकती झडप उघडी आहे का बघा. ‘कॅमेरा खराब’ म्हणून हजार रुपये कमी करून घेण्यासारखीही ही जागा आहे, पण तसं करू नये.

बायोसमध्ये जाणं मात्र टाळू नका. सुरू होताना लेनोवोची अक्षरं दिसली की एफ१ दाबायचं. पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. सुपरवायझर पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये राहतो, मदरबोर्डवरची छोटी गोल बॅटरी काढून ठेवल्याने जात नाही आणि कंपनीचा अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलणं हाच आहे. आत गेल्यावर पहिल्या पानावरचा सिरीयल नंबर तळाच्या स्टिकरशी जुळवा. जुळला नाही तर तळ किंवा मदरबोर्ड दुसऱ्या मशीनचा आहे. सिक्युरिटीत कॉम्प्युट्रेस किंवा ॲबसोल्यूट (कंपनीला लांबून मशीन शोधता आणि बंद करता येण्याची सोय) या नावाखाली ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसलं तर मूळ कंपनीचा दोर अजून सुटलेला नाही.

असाच दुसरा दोर विंडोजचा. मशीन रीसेट करून इंटरनेटला जोडलं आणि एखाद्या कंपनीचं नाव घेऊन ऑफिसचा ईमेल मागितला, तर ते अजून त्या कंपनीच्या यादीत आहे. दुकानात रीसेटला वेळ नसतो, म्हणून ‘रीसेटनंतर कंपनीचं लॉगिन आल्यास परत घेऊ’ एवढं बिलावर लिहून घ्या. ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल लायसन्स’ हवं. तिथे संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेचा उल्लेख असेल तर ते १८० दिवसांचं उधार आहे.

ग्रेडविषयी थोडक्यात. ए ग्रेड, बी ग्रेड हे दुकानदाराचे शब्द, त्यांना कसलंही प्रमाण नाही. झाकणावर चकचकीत काळी स्किन चिकटवलेली असेल तर कोपरा उचलून खाली तडा आहे का बघा. ओरखडे असलेला पण उघडा-नागडा बी ग्रेड त्याहून बरा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला एकाच मजल्यावर चार दुकानांत हेच मशीन मिळतं, तेव्हा पहिल्याच दुकानात मन गुंतवू नये. ऑनलाइन रिफर्बिश्ड विकणारे सहा महिने ते वर्षाची वॉरंटी देतात, तिच्यात बॅटरी बहुधा नसते, हे वाचून घ्यावं. ओळखीतून, बिलाशिवाय मिळणारा टी४८० कितीही स्वस्त असला तरी नको. चोरीचा निघाला तर सिरीयल नंबरवरून तुमच्याच दारात येतील.

ज्यांना गेम खेळायचेत, व्हिडिओ एडिट करायचेत किंवा दीड किलोवरचं ओझं रोज खांद्यावर नको आहे, त्यांच्यासाठी हा नाही. यूट्यूबवरचे काही व्हिडिओ एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये येतात, त्याची हार्डवेअर सोय या ग्राफिक्समध्ये नाही. १०८० ला चालून जातं, ४के लावलं की पंखा सुटतो. पंखा साध्या कामातही घुरघुरत असेल तर प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बहुधा वाळली आहे. साफसफाई आणि नवी पेस्ट दुकानदाराकडूनच करून घ्या. स्वतः उघडणार असाल तर आधी बायोसमधून आतली बॅटरी बंद करायची, मग मागची काढायची आणि तळाचे सहा स्क्रू सैल करायचे.

घरी आणल्यावर पहिलं काम रीसेट, दुसरं लेनोवो व्हँटेज टाकून थंडरबोल्टचं फर्मवेअर आणि बायोस अद्ययावत करणं. चार्जर लावलेला असताना आणि बॅटरी भरलेली असतानाच हे करा, मधे वीज गेली तर बोर्ड अडकू शकतो. त्याच व्हँटेजमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे. घरात बहुतेक वेळ वायर लावूनच वापर होतो, त्यामुळे ती चालू ठेवा. मराठीसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही: भाषेत मराठी जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात, आणि विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की अदलाबदल होते.