पेकोचे रूळ घेण्याआधी पेकोचे कागद घ्या

उभी नोकरी स्टेशन मास्तर म्हणून झाली. निवृत्तीनंतर हॉलच्या भिंतीलगत बारा फुटी फळी ठोकून घेतली आणि तिच्यावर मॉडेल रेल्वेचं स्टेशन उभं करतोय. एकेरी लाइनीवरचं साधं रोडसाइड स्टेशन: मेन म्हणजे मुख्य लाइन, लूप म्हणजे तिच्यातून फुटून पुन्हा तिलाच मिळणारी बाजूची लाइन, आणि मालधक्क्याची एक सायडिंग. स्केल एचओ, म्हणजे 1:87. रूळ इंग्लंडच्या पेको कंपनीचे, स्ट्रीमलाइन मालिकेतले, कोड 100 (हा रुळाच्या उंचीचा आकडा). या रुळांबद्दल लिहितोच, पण आधी कंपनी आपल्या वेबसाइटवर फुकट देते त्या पॉइंटांच्या (एका लाइनीतून दुसरी फुटते त्या सांध्यांच्या) कागदी टेम्प्लेटांबद्दल, कारण माझे पैसे वाचवले ते त्यांनी.

हौशी मंडळी स्टेशन आखताना आधी इमारत, प्लॅटफॉर्म, चहाचा स्टॉल मांडतात आणि उरलेल्या जागेत रूळ कोंबतात. आमच्या खात्यात पहिला प्रश्न एकच: सर्वांत लांब गाडी कोणती, आणि ती लूपला दोन्ही फाउलिंग मार्कांच्या (ज्यांच्या पुढे गेली तर गाडी शेजारच्या लाइनीवरच्या गाडीला घासेल त्या खुणांच्या) आत उभी राहते का? या जागेला आम्ही सीएसआर (क्लिअर स्टँडिंग रूम) म्हणतो. ब्रॉडगेजच्या लूपला 686 मीटर ही आमच्या कानात बसलेली संख्या. तिला 87 ने भागलं तर आठ मीटरला थोडं कमी. म्हणजे आमचा हॉल, बेडरूम आणि शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर.

तेव्हा गाडीच छाटली. डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिन बफरसकट 17.12 मीटर, आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्याचा) प्रवासी डबा 22.3 मीटर. स्केलमध्ये इंजिन वीस सेंटिमीटरला किंचित कमी, डबा 25.6. एक इंजिन आणि पाच डबे मिळून 148 सेंटिमीटर. ड्रायव्हरला थोडी मोकळीक हवी म्हणून वर दहा. हा झाला माझा सीएसआर. आता दोन्हीकडचे पॉइंट किती जागा खातात ते बघायचं, आणि इथेच हे कागद कामाला येतात.

टेम्प्लेट मूळ मापाची असतात. मीडियम पॉइंट 219 मिलिमीटरचा, ए-फोर कागदावर आरामात बसतो. फक्त छापताना शंभर टक्के मापातच छापून घ्या. आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने 'फिट टू पेज' ठेवून गठ्ठा हातात दिला. घरी पट्टी लावली तर 219 चे 212 भरले! परत गेलो तर म्हणतो, "काका, पाच-सात मिलिमीटरनं काय होतंय?" त्याला फाउलिंग मार्क समजावत बसलो नाही, दुसरीकडून छापून आणले.

कागद कापून फळीवर चिकटवले. मग जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, लांबी डब्याची आणि रुंदी 37 मिलिमीटर, कारण आयसीएफ डबा 3.245 मीटर रुंद असतो. एक पट्टी मेनवर, एक लूपवर ठेवायची आणि लूपवरची हळूहळू पॉइंटकडे सरकवत न्यायची. कोपरा कोपऱ्याला भिडायच्या आधी बोट धरून थांबायचं आणि तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारायची. हाच तुमचा फाउलिंग मार्क. वळणावर डब्याचा कोपरा बाहेर झुकतो, हे नुसत्या रेघांच्या नकाशात कळत नाही. पट्टी सरकवली की लगेच दिसतं. स्टार्टर सिग्नल, म्हणजे गाडीला सुटायची परवानगी देणारा, या रेघेच्या अलीकडे. परदेशी लेआउटच्या फोटोंत तो पुष्कळदा भलतीकडेच असतो, आणि एकदा दिसलं की मला बाकी काही दिसत नाही.

आता स्मॉल, मीडियम की लार्ज? त्रिज्या अनुक्रमे 24, 36 आणि 60 इंच, लांबी 185, 219 आणि 258 मिलिमीटर. तिन्हींचा कोन मात्र बारा अंशच, त्यामुळे कोणताही कोणाशी जोडला तरी दोन समांतर लाइनींमधलं अंतर (मध्यापासून मध्यापर्यंत) 50.8 मिलिमीटरच येतं. (आपल्या जुन्या लाइनींवरचं 4.265 मीटर 87 ने भागलं की 49 येतात. हे बघून फार बरं वाटलं.) मेनपासून फुटून लूप समांतर व्हायला मीडियममध्ये सुमारे 44 सेंटिमीटर जातात, स्मॉलमध्ये 37. दोन्ही टोकांची बचत धरली तर चौदा सेंटिमीटर, म्हणजे धड एक डबासुद्धा वाढत नाही. त्यापायी लांब डबे 24 इंची वळणावर झटके खात न्यायचे? मुळीच नको. लूपला दोन्हीकडे मीडियम, सायडिंगला स्मॉल. हिशेब असा: 158 अधिक 88, एकूण 246 सेंटिमीटर. बारा फुटांतून एकशेवीस उरतात; दोन्हीकडे होम सिग्नल (स्टेशनात येणाऱ्या गाडीचा) आणि थोडी मोकळी लाइन दाखवायला पुरेत.

खरे पॉइंट हातात आल्यावर सगळ्यांत आवडली ती आतली स्प्रिंग. बोटाने ढकललं की टक् आवाज होऊन टंग रेल (सरकणारी पाती) स्टॉक रेलला (बाजूच्या स्थिर रुळाला) घट्ट चिकटते. मोटर नंतर सवडीने लावा, तोवर अडत नाही. पॉइंट तीन प्रकारचे. इन्सुलफ्रॉगमध्ये क्रॉसिंगचं नाक (दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथलं टोक) प्लास्टिकचं असतं, वीज नेत नाही, तिथे छोटं शंटिंग इंजिन सावकाश चालवलं तर अडकू शकतं. इलेक्ट्रोफ्रॉगचं नाक धातूचं, म्हणून नाकापुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर (रूळ जोडणारे तुकडे) घालायलाच हवेत, नाहीतर शॉर्ट. नवीन युनिफ्रॉग सरळ बसवला तरी चालतो, नाकाची वायर हवी तेव्हा जोडा. मिळाला तर तोच घ्या.

नावडलेल्या गोष्टीही आहेत. बारा अंश म्हणजे आमच्या भाषेत 1 इन 4.7, 4.7 पुढे गेल्यावर 1 बाजूला. आयुष्यभर 1 इन 12 आणि 1 इन साडेआठ बघितलेल्या डोळ्यांना हा पॉइंट फारच वाकडा दिसतो. दुसरं, गेज, म्हणजे एकाच लाइनीच्या दोन रुळांमधलं अंतर, 16.5 मिलिमीटर. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, एचओमध्ये ते 19.3 हवं. समोरून पाहिलं तर आयसीएफ डबा अरुंद रुळावर तोल सांभाळत उभा असल्यासारखा दिसतो. यात पेकोचा दोष नाही, तो रूळ स्टँडर्ड गेजसाठीच आहे. बाजूने बघितलं तर खटकत नाही, म्हणून फळी डोळ्यांच्या उंचीला ठोकली.

किंमत परदेशी दुकानाच्या पानावर दिसते तेवढीच धरू नका, कुरिअर आणि कस्टम ड्यूटी वेगळी. म्हणून एकदाच मागवा: दोन मीडियम, एक स्मॉल, 914 मिलिमीटरच्या फ्लेक्सच्या (वाकवता येणाऱ्या रुळाच्या) दहा लांब्या आणि धातूचे व प्लास्टिकचे असे दोन्ही प्रकारचे जॉइनर. डबल स्लिप (एकमेकींना छेदणाऱ्या दोन लाइनींत कुठूनही कुठे वळता येणारा पॉइंट) दिसायला देखणा असतो, मोह होतो. रोडसाइड स्टेशनात त्याचं काही काम नसतं.