कबड्डीसाठी रोजच्या लेन्स : वन-डे अॅक्युव्ह्यू मॉइस्ट

चष्मा लावून चढाई करता येत नाही आणि उणे साडेचार नंबर असेल तर चष्म्याशिवाय कोपरारक्षकाचे पाय दिसत नाहीत. समोरची कोण आहे ते कळतं, पण ती घोट्याला झेपावणार हे पकड बसल्यावरच समजतं. यंदाचा अख्खा हंगाम मी या एकदा वापरून फेकायच्या लेन्स घालून खेळले आणि खूश आहे.

सगळ्यात मोठा फरक कडेच्या नजरेत पडतो. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटरचं. बोनसला पाय टाकला की दोन्ही कोपरे डोळ्यांच्या टोकाला जातात. लेन्सला फ्रेम नसल्यामुळे तिथली हालचालही स्पष्ट दिसते. डावा कोपरा वजन पुढच्या पायावर घेतोय हे आता मान न वळवता कळतं, आणि ३० सेकंदांच्या चढाईत तेवढंच तर हवं असतं!

अंगावर तिघी-चौघी पडल्या तरी लेन्स निघाली नाही. मऊ लेन्स १४.२ मिलिमीटर रुंद, म्हणजे बुबुळापेक्षा मोठी असते आणि तिची कड पापण्यांखाली राहते. घालणंही सोपं आहे. लेन्सवर बारीक १-२-३ छापलंय, ते सरळ वाचता आलं की बाजू बरोबर. नखं तर आपल्याला नियमानेच कापावी लागतात.

चष्म्याचा कागद दाखवून मात्र डबा आणू नका. माझा चष्मा साडेचारचा, लेन्स सव्वाचारची, कारण ती थेट डोळ्यावर बसते. तपासणाऱ्याकडून माप घ्याच.

मातीच्या मैदानावर कण आत गेला की डोळा चोळायचा नाही. हात धुऊन, कोरडे करून लेन्स काढायची, फेकायची आणि डोळा शांत झाला की नवी घालायची. रोजच्या लेन्सचा खरा फायदा हाच. नळाच्या पाण्याने धुऊन परत घालणाऱ्या मुली मी पाहिल्यात. कृपा करून असं करू नका. पाण्यातल्या अकँथअमिबा या सूक्ष्मजीवामुळे बुबुळाला भयंकर संसर्ग होऊ शकतो. आणि बोट लागलं तर लेन्स डोळा वाचवत नाही, हेही लक्षात असू द्या.

डब्यात ३० लेन्स, सगळ्या एकाच नंबरच्या. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर दोन डबे घ्यावे लागतात. रोज वापरायच्या तर खर्च जाणवतो. मी फक्त सामन्याला आणि मॅटवरच्या सरावाला घालते, त्यामुळे परवडतात. आमच्या उजव्या कोपऱ्याला सिलिंडर नंबर आहे, तिने यातल्याच टॉरिकचं, म्हणजे सिलिंडर नंबरसाठीच्या लेन्सचं, माप दिलंय.