पुतणीच्या फीवर काकाने केलेला वर्ग

अमेरिकी राज्यांच्या अनुदानांवरच्या वाशीतल्या शनिवारच्या वर्गाची साडेसहा हजार रुपये फी, एकदा भरली की परत नाही. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात तसं छापलेलं आहे, पण आमच्या घरात पावत्या वाचणारा मी एकटाच. पुतणीने पैसे भरले आणि पुढच्याच आठवड्यात तिची शिफ्ट बदलली, रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच. ऐरोलीहून कंपनीची गाडी तिला कोपरीच्या घरी सोडते तेव्हा दूधवाला येऊन गेलेला असतो. तिथून शनिवारी दहाला वाशीत जाऊन डोळे उघडे ठेवणं तिला शक्यच नव्हतं. तिने सरांना फोन केला, माझ्या जागी माझे काका बसले तर चालेल का? सरांनी विचारलं, काका काय करतात? म्हणाली, निवृत्त आहेत, जिल्हा परिषदेत लेखा विभागात होते. सर हसले म्हणे. "पाठवा. सर्टिफिकेट मात्र मिळणार नाही."

तर असे चार शनिवार मी ट्रान्स हार्बरने वाशीला गेलो आणि अमेरिकेतली राज्य सरकारं केंद्राकडून पैसा कसा मागतात, कसा सांभाळतात ते शिकून आलो. महापे, घणसोली, ऐरोलीच्या कंपन्यांत या राज्यांची कागदपत्रं तपासणारी बरीच मुलं आहेत, वर्ग त्यांच्यासाठीच आहे. वर्गाचं नाव लिहीत नाही. सर एकटेच चालवतात, आणि खालच्या तक्रारी मी त्यांना तोंडावर सांगितल्या आहेत. पाचपैकी साडेतीन गुण देतो.

जागा स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण तिचा भरवसा नाही. एसी इतका थंड की दुसऱ्या शनिवारी मी मफलर नेला आणि पोरं हसली. तिसऱ्या शनिवारी दोघीजणी शाल घेऊन आल्या.

पहिला दिवस उत्तम. माझ्यासकट सगळ्यांची समजूत अशी की राज्य एक अर्ज भरतं आणि केंद्र पैसे देतं. सरांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला स्पर्धेतलं अनुदान: जाहिरात निघते, अर्ज जातो, गुण मिळतात, कोणाला मिळतं कोणाला नाही. दुसऱ्या बाजूला सूत्राने येणारा पैसा. मोठी रक्कम या दुसऱ्या बाजूला असते. मेडिकेड, म्हणजे गरिबांच्या उपचारांची योजना घ्या. राज्य आपला आराखडा केंद्राकडून मंजूर करून घेतं, दर तिमाहीला सीएमएस-३७ या नमुन्यावर खर्चाचा अंदाज देतं आणि तिमाही संपली की सीएमएस-६४ वर झालेला खर्च दाखवतं. उपचारांच्या खर्चात केंद्राचा वाटा किमान निम्मा, गरीब राज्याला त्याहून जास्त. मी मनात म्हटलं, अरे, हे तर आपलं केंद्र-राज्य वाट्याचं ६०:४०. फरक एवढाच की तिथे राज्याच्या दरडोई उत्पन्नावरून टक्का ठरतो आणि तो दरवर्षी नव्याने काढतात.

याच्या उलट टॅन्फ, म्हणजे गरीब कुटुंबांना रोख मदतीची योजना. १९९६ मध्ये केंद्राने राज्यांसाठी वर्षाला साधारण १६.५ अब्ज डॉलरचा गठ्ठा ठरवला. महागाई कितीही वाढली तरी आकडा जवळपास तिथेच आहे. खर्च कशावर करायचा याची मोकळीक मात्र राज्याला भरपूर. ही मोकळीक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग स्पर्धेच्या बाजूचा अर्ज. आधी सॅम डॉट गव्ह या केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदणी, तिथून बारा अक्षरांचा यूईआय, म्हणजे संस्थेचा ओळख क्रमांक. ४ एप्रिल २०२२ पर्यंत नऊ आकडी डन्स क्रमांक चालायचा, त्या दिवसापासून तो बंद. नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण, नाहीतर अर्ज अडतो. मग ग्रँट्स डॉट गव्ह या संकेतस्थळावर एसएफ-४२४, म्हणजे अर्जाचा नमुना. सरांनी हा नमुना आमच्याकडून पेनाने भरून घेतला, हे फार छान केलं. स्क्रीनवर टिचक्या मारून काही डोक्यात राहत नाही. त्यातला एकोणिसावा रकाना विचारतो, हा अर्ज कार्यकारी आदेश १२३७२ खाली राज्याच्या तपासणीला पात्र आहे का? रेगनच्या काळातला, १९८२ चा आदेश. राज्याला हवं असेल तर त्याने एक संपर्क कार्यालय ठेवायचं आणि राज्यातल्या संस्थांचे अर्ज केंद्राकडे जाताना त्याच्या नजरेखालून घालायचे. सगळी राज्यं ठेवत नाहीत. शेजारच्या मुलाला मी म्हटलं, हे आपलं 'मार्फत', वरिष्ठांच्या हातून वर जाणारा अर्ज. त्याने आयुष्यात 'मार्फत' अर्ज केलेला नव्हता.

त्याच दिवशी शेवटी १९९० चा रोकड व्यवस्थापनाचा कायदा आला. राज्याने गरजेच्या आधी पैसा उचलून ठेवला तर केंद्राला व्याज द्यायचं, आणि राज्याने स्वतःच्या खिशातून आधी खर्च केला, केंद्राचा पैसा मागाहून आला, तर केंद्राने राज्याला व्याज द्यायचं. दुसरं वाक्य मी वहीत दोनदा लिहिलं. आपल्याकडे २०२१ पासून केंद्र पुरस्कृत प्रत्येक योजनेला राज्यात एकच नोडल बँक खातं आलं, आणि त्यात साठलेल्या पैशावरचं केंद्राच्या वाट्याचं व्याज केंद्राला परत जातं. उलट दिशेने व्याज आलेलं मी तरी पाहिलं नाही.

दुसरा शनिवार कोणता खर्च मान्य, कोणता अमान्य यात गेला. कंटाळवाणा विषय, सरांनीही कंटाळतच शिकवला. पण खरी तक्रार पुस्तिकेची. स्पायरल बाइंडिंगची, दीडशे पानी, फीव्यतिरिक्त तीनशे रुपये. तिच्यात अप्रत्यक्ष, म्हणजे भाडं-वीज अशा सामायिक खर्चाचा सरसकट दर १० टक्के, वस्तू यंत्रसामग्रीत धरायची किंमत-मर्यादा ५ हजार डॉलर आणि ज्या वार्षिक खर्चापासून लेखापरीक्षण सक्तीचं होतं ती मर्यादा साडेसात लाख डॉलर असं छापलंय. पुतणीने रात्री चाळली आणि म्हणाली, काका, हे जुनं आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून दर १५ टक्के, यंत्रसामग्री १० हजार, लेखापरीक्षण १० लाख. सर बोलताना नवे आकडे सांगत होते, पुस्तिका मात्र जुनीच देत होते. तीनशे रुपयांत एक शुद्धिपत्रक चिकटवता आलं असतं.

आता मुख्य तक्रार. पैसा राज्याच्या हातात पडल्यावर राज्य तो स्वतः क्वचितच खर्च करतं. ते पुढे काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखी), शहराला, संस्थेला देतं. म्हणजे राज्य मधला हात, आणि खालच्यांनी काय केलं त्याचा जाब राज्याला. पुतणीचं अख्खं कामच हे आहे. आणि याला चार शनिवारांत मिळाली चाळीस मिनिटं! तिसऱ्या शनिवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, पोरांचं लक्ष घड्याळाकडे.

त्या चाळीस मिनिटांत सरांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला: पैसे घेणारा तुमचा उपलाभार्थी, म्हणजे योजना पुढे राबवणारा, की ठेकेदार? करारावर काय नाव आहे ते बघू नका, काम काय आहे ते बघा. मी हात वर करून उदाहरण दिलं. पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी ग्रामपंचायतीला गेला, तर पाणी आणि स्वच्छतेवरच तो खर्च करण्याची अट तिच्या गळ्यात पडते, ती उपलाभार्थी. तिने पाइप विकत घेतले, तो दुकानदार ठेकेदार. त्याला योजनेशी काय देणंघेणं, पाइप द्यायचे, बिल घ्यायचं. सर खूश झाले. पण पुढचं सगळं स्लाइडवर वाचून संपवलं: आधी जोखीम मोजा, जोखमीप्रमाणे देखरेख कमीजास्त करा, अहवाल मागवा, जागेवर जा, आक्षेपांचं अनुपालन तपासा.

इथे रेंगाळायला हवं होतं. मी नोकरीत असताना डोंगरी तालुक्यातून उपयोगिता प्रमाणपत्रांचा गठ्ठा यायचा. चौदा गावं, चौदा प्रमाणपत्रं, सगळ्यांवर एकच तारीख, एकच निळी शाई, एकच वळणदार अक्षर. रक्कम शेवटच्या रुपयापर्यंत जुळायची. ताळमेळ इतका चोख असला की मी रोकडवही मागवायचो. ही नजर कोणी शिकवणार असेल तर मी आणखी साडेसहा हजार भरेन.

गंमत म्हणजे सरांकडे ती आहे. त्याच दिवशी खाली टपरीवर कटिंग घेताना त्यांनी मिसिसिपीची हकिगत सांगितली. टॅन्फचा पैसा, तीच मोकळीक. राज्य सरकारचं संबंधित खातं हा पैसा संस्थांना देत होतं आणि हिशेब विचारत नव्हतं. २०२० च्या मे महिन्यात राज्याच्याच लेखापरीक्षकाने ९ कोटी ४० लाख डॉलरच्या खर्चावर बोट ठेवलं. गरिबांच्या पैशातले ५० लाख डॉलर एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल केंद्राकडे वळले होते. खात्याच्या माजी संचालकाने २०२२ मध्ये गुन्हा कबूल केला. मधल्या संस्थेने कागद दिले होते का, असं मी विचारलं. सर म्हणाले, कागद कमी नव्हते हो, कोणी वाचत नव्हतं. आम्ही तिघेच होतो टपरीवर. बाकीचे पंचवीस जण वर डबे खात होते, त्यांना हे ऐकायलाच मिळालं नाही.

चौथा दिवस सराव परीक्षेचा. मला ७२ टक्के. पुतणीला सांगितलं नाही.

वर्ग संपल्यावर दोन आठवड्यांनी ती रात्रीच्या ब्रेकमध्ये फोनवर. मी जागाच असतो. नाव न सांगता म्हणाली, एका संस्थेने कळवलंय की आमचा केंद्राच्या पैशाचा खर्च वर्षात ९ लाख डॉलर, मर्यादा आता १० लाख, म्हणून लेखापरीक्षण लागू नाही. बरोबर ना काका? मी विचारलं, त्यांचं आर्थिक वर्ष कधी सुरू होतं? तिने बघितलं. १ जुलै २०२४. मग नवी मर्यादा त्यांना कशी लागेल? ती १ ऑक्टोबर २०२४ ला किंवा नंतर सुरू होणाऱ्या वर्षांना. त्यांना जुनीच, साडेसात लाखांची. ती गप्प झाली, मग कीबोर्डचा आवाज. अहवालाची कमाल मुदत वर्ष संपल्यापासून नऊ महिने. ३० जून २०२५ ला वर्ष संपलं, मोजून बघितलं तर शेवटची तारीख निघाली ३१ मार्च.

सकाळी सरांना फोन करून सांगितलं. म्हणाले, पुढच्या बॅचला हे उदाहरण घेतो. मी म्हटलं, घ्या, पण चाळीस मिनिटांत बसवू नका.