रिकॉम्बिनंट माउस विंट-३ए : काही महिन्यांच्या वापरानंतर

विंट-३ए हे पेशींना संकेत देणारे प्रथिन आहे. जनुक-तंत्राने बनवलेले (रिकॉम्बिनंट) विंट-३ए विकत घेताना नजर आधी पुरवठादाराच्या पत्रकावरच्या शुद्धतेच्या टक्केवारीवर जाते. पण काही महिने वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की या प्रथिनाची खरी किंमत त्याच्या शुद्धतेवर नव्हे, तर पेशींपर्यंत पोचताना ते कितपत सक्रिय राहते यावर ठरते.

त्याच्या सेरीन-२०९ वर पामिटोलेइक आम्ल जोडलेले असते. पेशीवरच्या फ्रिझल्ड या ग्राहीला (रिसेप्टरला) घट्ट धरण्यासाठी हे मेदाम्ल लागतेच, आणि त्याच्याचमुळे प्रथिन पाण्यात विरघळून राहायला नाखूष असते. म्हणून बफरमध्ये चॅप्स हे डिटर्जंट घातलेले असते. तेवढेच चॅप्स असलेला पण प्रथिनाविना बफर दिलेल्या पेशी प्रत्येक प्रयोगात सोबत ठेवाव्यात; अनेक जण हे नियंत्रण वगळतात आणि मग डिटर्जंटच्या परिणामाला विंटचा संकेत समजण्याचा धोका राहतो.

सक्रियता तपासायला आम्ही उंदराच्या एल पेशी वापरतो. त्यांच्यात कॅडहेरिन (बीटा-कॅटेनिनला बांधून ठेवणारे प्रथिन) जवळपास नसल्यामुळे मुळातले बीटा-कॅटेनिन, म्हणजे विंटच्या संकेताने पेशीत साठणारे प्रथिन, कमी असते, आणि विंट दिल्यावर वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार दाखवणाऱ्या चाचणीत) त्याची ९२ किलोडाल्टनच्या आसपासची पट्टी गडद होताना स्पष्ट दिसते. एकाच पुरवठादाराचे दोन लॉट (उत्पादनाच्या खेपा) समान नॅनोग्रॅममध्ये दिले, तेव्हा एकाची पट्टी ठसठशीत आली आणि दुसऱ्याची फिकट. पत्रके मात्र दोन्हींची सारखीच होती. तेव्हापासून नवा लॉट आला की टॉपफ्लॅश ल्युसिफरेजवर (विंटचा संकेत प्रकाशाच्या रूपात मोजणाऱ्या चाचणीवर) मात्रांचा आलेख काढल्याशिवाय तो कामात घेतला जात नाही.

सिरम (रक्तातून काढलेला द्रव) नसलेल्या मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवण्याच्या द्रवात, ३७ अंशांवर याची सक्रियता काही तासांतच उतरू लागते, तर सिरममधले अफामिन हे प्रथिन त्याला सांभाळून धरते. त्यामुळे सिरमविरहित ऑर्गनॉइड (प्रयोगशाळेत वाढवलेली अवयवांची लघुरूपे) संवर्धनात हे शुद्ध प्रथिन दीर्घकाळ वापरणे मला फारसे परवडणारे वाटत नाही. उंदराच्या लहान आतड्याच्या ऑर्गनॉइडना तर ते सहसा लागतही नाही, कारण त्यांतल्या पॅनेथ पेशी स्वतःच विंट-३ (त्याच कुळातले प्रथिन) तयार करतात. मोठ्या आतड्याच्या ऑर्गनॉइडना बाहेरून विंट द्यावे लागते, आणि तिथे विंट स्रवण्यासाठी बदललेल्या एल पेशींचे कंडिशन्ड मीडियम (त्या पेशी ज्यात वाढल्या तो, विंट मिसळलेला द्रव) अधिक सोयीचे पडते, मात्र त्यातले सिरम आपल्या प्रयोगाला चालत असेल तरच.

मोजकी मात्रा आणि नेमकी वेळ लागणाऱ्या संकेतन-प्रयोगांसाठी मात्र मी पुन्हा हेच शुद्ध प्रथिन घेईन, आणि तेही छोट्या कुप्यांत, कारण गोठवणे-वितळवणे त्याला मानवत नाही.