लुंबिनीची 'थेट बस' आणि सीट नंबर 41 ते 45

आधी फसवणुकीचा आकडा सांगतो, म्हणजे 'असतील दोन-चार हजार' असं कुणाला वाटायला नको. 27,875 रुपये. पाच माणसांचे. त्यातले 23,500 इथं सोलापुरात, यात्रा ऑफिसात पंख्याखाली बसून, त्यांचाच चहा पीत दिले. उरलेले 4,375 सीमेवर आणि सीमेपलीकडे गेले.

आता लाजेची गोष्ट. मी एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो. अर्धी नोकरी ट्रेमधली तिकिटं पंच करण्यात गेली, अर्धी मशीनवर. तपासणी पथक गाडीत चढलं तरी माझी छाती कधी धडधडली नाही, वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशोबात, तफावतच नसायची. तो माणूस बसच्या तिकिटावर फसला. घरातले सगळे हसून झालेत. नातू तेवढा हसला नाही, तो दीड वर्षाचा आहे.

झालं असं. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, वय 71, तिला डोळे मिटायच्या आत नेपाळातली लुंबिनी, बुद्धांचं जन्मस्थान, बघायची होती. साडू आणि मेहुणी तयार झाले, आम्ही दोघं, असे पाच. पुण्याहून गोरखपूरचं रेल्वे आरक्षण मीच काढलं. ते बिनचूक होतं, हे मुद्दाम लिहितो. प्रश्न गोरखपूरच्या पुढचा होता. आक्काचे गुडघे गेलेत. बॅगा घेऊन गाड्या बदलणं तिला जमणार नव्हतं. नेमकं त्याच वेळी शहरातल्या एका यात्रा ऑफिसचं पत्रक हातात पडलं: 'गोरखपूर स्टेशन ते लुंबिनी थेट आंतरराष्ट्रीय एसी बस. सीमेवर उतरण्याची गरज नाही.' ऑफिसचं नाव लिहीत नाही, वकिलांनी मना केलंय.

मी अगदीच आंधळा नव्हतो हो. भारत-नेपाळ बस असतात हे मला माहीत होतं. दिल्ली-काठमांडू बस 25 नोव्हेंबर 2014 ला सुरू झाली, मी तेव्हा ड्युटीवर होतो, आमच्या विश्रांतीगृहात त्यावर तासभर चर्चा झाली होती की त्या कंडक्टरला भत्ता कुठल्या नोटांत मिळत असेल. त्याच बसचा मोठा फोटो या ऑफिसच्या भिंतीवर होता. बस खरी होती. फक्त ती दिल्लीहून काठमांडूला जाते, आणि आम्ही निघालो होतो गोरखपूरहून लुंबिनीला.

माणशी हिशोब असा लावला: जाऊन-येऊन बस 2,400, बॉर्डर परमिट 1,850, प्रवास विमा 450. एकूण 4,700. पाच जणांचे 23,500. पंधरा हजार फोनवरून पाठवले, साडेआठ हजार रोख दिले. रोख रकमेची पावती 'उद्या देतो' म्हणाले. फोनवर पैसे पाठवताना नाव आलं ते ऑफिसचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. विचारलं तर म्हणे, "मॅडमचं खातं आहे काका, सगळे तिथंच टाकतात." सगळे टाकतात म्हटलं की माणूस टाकतो. ऑफिसच्या नावाचं खातं नसेल तर उठून या, चहा अर्धा राहिला तरी चालेल.

आता ती जागा, जिथं माझ्या डोक्यात घंटी वाजायला हवी होती. वाजली, पण मी डबल बेल समजून गाडी पुढं नेली.

तिकीट छान जाड कागदावर होतं. दोन्ही देशांचे झेंडे, खाली छापलेलं: '2×1 एसी स्लीपर'. सीट नंबर 41, 42, 43, 44, 45. ज्यानं आयुष्य गाडीत काढलंय त्याला सांगायला लागत नाही, दोन-एकच्या स्लीपरमध्ये तीस-छत्तीसच्या पुढं बर्थ बसतच नाहीत. एक्केचाळीस कुठून येणार? टपावर? मी तो आकडा वाचला. दोनदा वाचला. आणि मनात म्हणालो, आंतरराष्ट्रीय गाडी आहे, लांब असेल. असेल! बायको शेजारून म्हणाली, "अहो, पण गाडीचा नंबर कुठाय ह्याच्यावर?" मी तिला ऑफिसातल्या पोरासमोर म्हणालो, "तुला काय कळतंय तिकिटातलं?" हे वाक्य गेले पाच महिने मला रोज परत मिळतंय, कधी भाजीसोबत, कधी नुसतंच.

आणि ते परमिट! प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं कार्ड, त्यावर सोनेरी शिक्का, आपला फोटो. मी सोलापूर-विजापूर गाडीवर किती वर्षं काढली, कर्नाटकाची हद्द हजारदा ओलांडली. परमिट गाडीला असतं. माणसाला नसतं. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. नेपाळातही तेच आहे, आपली गाडी न्यायची तर सीमेवर भन्सार, म्हणजे तिकडची जकात, भरावा लागतो, गाडीचा. भारतीय माणसाला तिथं ना व्हिसा लागतो ना परमिट, 1950 च्या करारापासून हे असंच चालू आहे. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र खिशात ठेवा, बस्स. आधारवर विसंबू नका; ते पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या वरच्यांनाच चालतं, म्हणजे आमच्यात फक्त आक्काला. पण 'परदेश' हा शब्द ऐकला आणि माझी सगळी अक्कल प्लॅटफॉर्मवर राहिली. खोटं कशाला बोलू, त्या कार्डावरचा फोटो बघून मला बरं वाटलं होतं. साडूला दाखवला पण.

मार्च महिना होता. गोरखपूर स्टेशनबाहेर एक पोरगा फोनमध्ये आमचे फोटो घेऊन उभा. "सोलापूर पार्टी?" म्हणाला. बस कुठाय विचारलं तर म्हणे बस सोनौलीला, म्हणजे सीमेवरच्या आपल्या गावात, लागते, इथून 'फीडर गाडी'. फीडर गाडी म्हणजे वडापची जीप. बारा माणसं कोंबली. आक्का मध्ये, तिच्या मांडीवर माझी बॅग, तिच्यात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. गोरखपूर ते सोनौली अंतर साधारण सोलापूर-विजापूर एवढंच. गोरखपूर स्टेशनजवळच्या डेपोतून सरकारी बस सारख्या जातात, येताना आम्ही त्यानंच आलो, माणशी दोनशेच्याही आत. हे आधी एका फोनवर कळलं असतं. मी केला नाही तो फोन.

सोनौलीत पोरगा म्हणाला, "बस गेटच्या पलीकडं उभी आहे, चालत या, मी कागद करून येतो." त्याआधी त्यानं एका टपरीवर नेलं. "पुढं भारतीय नोटा चालत नाहीत, इथंच बदला." मी वीस हजार दिले, हातात 29,000 नेपाळी आले. एवढ्या नोटा बघून श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. आता गणित करा. शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी, हा दर 1993 पासून बांधलेला आहे, रोज वर-खाली होत नाही. 32,000 यायला हवे होते. तीन हजार नेपाळी कमी, म्हणजे आपले 1,875 गेले. आणि नोटा चालत नाहीत हेही थोतांड. सीमेपलीकडच्या भैरहवा गावात, लुंबिनीत आपल्या शंभराच्या नोटा हॉटेलवाला हसत घेतो. शंभराच्या न्या म्हणजे बरं; पाचशेच्या न्यायच्या तर आधी नियम विचारा.

कमानीखालून चालत गेलो. आपल्या बाजूच्या जवानानं मतदार ओळखपत्रं बघितली, आक्काला "माताजी, आराम से" म्हणाला. मी छाती काढून परमिट पुढं केलं. त्यानं ते उलटसुलट केलं, मागच्या साथीदाराला दाखवलं आणि परत देत म्हणाला, "ये घर पे रखिए." तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

पलीकडं बेलहिया. बस नाही. रिक्षा, सायकलरिक्षा, ट्रकांची रांग, धूळ. पोरगा आला नाही. फोन लावला, नेटवर्क येतंय-जातंय, चार पावलं पुढं गेलं की गेलंच. आमच्या कुणाच्या फोनवर आंतरराष्ट्रीय रोमिंग नव्हतं, आणि हा सगळा खेळ त्याच्यावरच उभा आहे हे नंतर समजलं. एकदा गेट ओलांडलं की तुम्ही फोन करू शकत नाही, आणि त्यांना तेच हवं असतं. दीड तास उभे होतो. समोरच्या दुकानातलं घड्याळ आमच्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं. आक्का बॅगेवर बसली आणि मला लहानपणीच्या नावानं हाक मारून म्हणाली, "बाळ्या, तुझी बस कवा येणार रं?"

त्या 'तुझी'नं जे झालं ते लिहीत नाही.

शेवटी एक व्हॅन ठरवली. 4,000 नेपाळी, म्हणजे आपले 2,500. किती अंतर असेल? पंचवीस-सव्वीस किलोमीटर. सोलापूरहून मोहोळपर्यंतसुद्धा नाही! एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, चार-साडेचार टप्पे. वाटेत कळलं, सीमेवरून भैरहवापर्यंत रिक्षा आणि तिथून लुंबिनीला लोकल बस, किरकोळ पैशात जाता येतं. पण घाबरलेला माणूस भाव करत नाही, आणि त्या व्हॅनवाल्याला ते माझ्या तोंडावर वाचता आलं असणार. त्याला मी दोष देत नाही. त्यानं पोचवलं तरी.

लुंबिनीचं काय लिहू. मायादेवी मंदिरात आक्का पाऊण तास उभी राहिली, तेच गुडघे घेऊन. अशोकस्तंभाजवळ बसून भाकरी खाल्ली. पैसे वसूल झाले असं मी म्हणणार नाही, ते म्हणायला त्या ऑफिसवाल्याला आवडेल.

आता परत आल्यावरची यात्रा, जी अजून चालू आहे.

ऑफिसात गेलो. पोरगा वेगळा. "बस त्या दिवशी टेक्निकल कारणानं रद्द होती काका, पाठीमागं अट छापलीय." पाठीमागं बघितलं, खरंच मुंगीच्या अक्षरात छापलंय. मग पोलीस ठाण्यात. पहिल्या दिवशी, "घटना तिकडं यूपीत घडली, तिकडं तक्रार द्या." मी म्हणालो साहेब, पैसे मी सोलापुरात दिलेत, तिकीट सोलापुरात घेतलंय. "पण बस तिकडं नव्हती ना?" या वाक्यावर काय उत्तर देणार? दुसऱ्या खेपेला दुसरे साहेब, त्यांनी सगळे कागद नीट वाचले, मला वाटलं आता झालं, तर म्हणाले हे दिवाणी स्वरूपाचं आहे. तिसऱ्या खेपेला लिहिणारा बंदोबस्ताला. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच मागितली तर "तुमचा विश्वास नाही का आमच्यावर?" अहो, एक रुपयाच्या सुट्ट्यासाठी मी तिकिटामागं लिहून देत होतो! पोच हा विश्वासाचा नाही, हिशोबाचा विषय आहे. बँकेत गेलो तर तिथल्या बाई म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलाय. एका सरकारी कार्यालयात विचारायला गेलो की यात्रा ऑफिसला काही परवाना लागतो का, तर तीन टेबलं फिरवून पहिल्याच टेबलावर आणून सोडलं. थेट सेवा, मध्ये कुठं उतरायची गरज नाही.

वकिलांकडून जे कळलं ते फुकटात सांगतो, मला त्याचे पाचशे पडले. 'आमची हद्द नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. गुन्हा कुठंही घडलेला असो, ठाण्याला शून्य क्रमांकानं नोंदवून पुढं पाठवता येतो. 1 जुलै 2024 पासून तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 मध्ये ते लिहूनच ठेवलंय. पाचव्या खेपेला मी तो कलम नंबर कागदावर लिहून नेला, तेव्हा खुर्ची मिळाली. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकाला त्याच तासात फोन करा, मी सतरा दिवसांनी केला, त्याला काय अर्थ? आणि ग्राहक आयोगात तक्रार स्वतःच्या गावात करता येते, 2019 च्या कायद्यानं. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. दोन वर्षांची मुदत आहे, पण दोन वर्षं थांबू नका, तोवर ऑफिसच्या जागी मोबाइलचं दुकान होतं.

मी तक्रार टाकलीय. नोटीस पोचल्यावर तिकडून फोन आला. "काका, 5,000 घ्या आणि विषय संपवा. पुढच्या काठमांडू ट्रिपला तुम्हाला सवलत देतो." मी विचारलं, सीट नंबर किती? त्यानं फोन ठेवला.

मागच्या आठवड्यात अक्कलकोटकडचे एक गृहस्थ भेटले, ओळखीतल्या ओळखीतून. त्यांचंही कुटुंब फेब्रुवारीत सोनौलीच्या गेटवर असंच उभं होतं. तिकीट दाखवलं. तोच जाड कागद, तेच झेंडे. सीट नंबर 41 ते 45. त्यांना म्हणालो, आपण दोघं मिळून एक गाडी भरू.

तुमच्याकडे, पाहुण्यांकडे, गल्लीत कुणाकडे असलं तिकीट असेल तर रागानं फाडू नका. झेरॉक्स नको, मूळ प्रत जपा, परमिटाचं ते कार्डही ठेवा, पैसे पाठवल्याचा मेसेज पुसू नका. आमची पुढची तारीख महिनाअखेरीस आहे. तोवर निदान आणखी दोघं-तिघं सापडले पाहिजेत.