‘स्वतः बनवलेली सिस्टीम’ म्हणून फुकटचं मूडल गळ्यात मारलं

नाशिकला आम्ही सी, जावा, पायथनचे क्लास घेतो. बॅचेस वाढल्या तसं प्रवेश, हजेरी, असाइनमेंट आणि मुलांचे प्रोग्राम तपासणं, सगळं एकाच वेबसाइटवर हवं होतं. ओळखीतून एक डेव्हलपर आला. कोटेशनवर स्वच्छ लिहिलेलं: संपूर्ण सिस्टीम शून्यापासून, प्रोग्राम तपासणारं इंजिन स्वतःचं. दीड लाख रुपये, निम्मे आगाऊ.

साइट दिसायला छान होती. पण पहिल्याच ऑनलाइन परीक्षेत घोळ झाला. मुलं ‘चेक’ दाबत होती आणि निकालच येईना. एक मुलगी बरोबर प्रोग्राम लिहून बसली होती, घड्याळ पुढे सरकत होतं आणि स्क्रीनवर नुसता एरर. अगदी रडकुंडीला आली होती बिचारी. फोन केला तर साहेब म्हणतात, “तुमचं नेट स्लो आहे.”

आमच्याच एका विद्यार्थ्याने पेजवर राइट क्लिक करून सोर्स, म्हणजे पेजमागचा कोड, उघडला. जिथे बघावं तिथे ‘मूडल’. साइट ब्राउझरमध्ये जी छोटी नोंद ठेवते, त्या कुकीचं नावसुद्धा ‘मूडलसेशन’! मूडल म्हणजे ऑनलाइन वर्ग आणि परीक्षा घ्यायचं तयार सॉफ्टवेअर, २००२ पासून जगभर फुकट मिळतं. आणि ते ‘इंजिन’ म्हणजे कोडरनर, न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात तयार झालेलं, तेही मोफत. मुलांचे प्रोग्राम चालवायला त्याला जोब नावाचा वेगळा सर्व्हर लागतो. तो याने बसवलाच नव्हता. विद्यापीठाने केवळ चाचणीपुरता ठेवलेल्या, मर्यादा घातलेल्या सर्व्हरवर आमची अख्खी परीक्षा ढकलून दिली होती.

मूडल बसवून देऊन मेहनताना घेण्यात गैर काहीच नाही, त्याचा परवानाच तशी मुभा देतो. पण तेच शून्यापासून लिहिलं म्हणून विकणं ही सरळसरळ फसवणूक आहे. जाब विचारताच त्याने ॲडमिनचा पासवर्ड बदलला. डोमेनही, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्याच नावावर घेऊन ठेवलेलं. शिक्षकाच्या लॉगिनमधून गुण एक्सेलमध्ये उतरवता येतात. ते रातोरात उतरवून घेतले, म्हणून मुलांचे मार्क तरी वाचले.

क्लासवाल्यांनो, डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या नावावर घ्या. शेवटचा हप्ता देण्याआधी पूर्ण बॅच एकदम बसवून परीक्षा घेऊन बघा. कोड खरोखर नवा लिहून घेत असाल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचून घ्या: हक्क तुमच्या नावावर व्हायला लेखी करार आणि लिहिणाऱ्याची सही लागते, पैसे दिल्याची पावती पुरत नाही. कोटेशन आणि सोर्सचे स्क्रीनशॉट जोडून आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे.